अमेरिकेची तटस्थता : कायदा कसा घडला, कसा राबवला गेला आणि कुठे फसला

दुसरं महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ला पेटलं. अमेरिकेने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं ८ डिसेंबर १९४१ ला. मधल्या सव्वादोन वर्षांचा उल्लेख सहसा ‘अमेरिका तटस्थ होती’ एवढ्यावर आटोपतो. त्यामुळे असं वाटतं की अमेरिका हात बांधून बसली होती आणि पर्ल हार्बरच्या सकाळी अचानक जागी झाली. प्रत्यक्षात ही तटस्थता म्हणजे कलमं, परवाने, दंड, जकात अधिकाऱ्यासमोरची प्रतिज्ञापत्रं आणि नकाशावर आखलेले निषिद्ध समुद्र असलेला एक गुंतागुंतीचा कायदा होता. १९३५ ते १९४१ या सहा वर्षांत तो पुन्हा पुन्हा बदलला गेला आणि प्रत्येक बदलामागे आधीच्या कलमाची फजिती होती.

हा कायदा समजून घ्यायचा तर एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. कागदावर तटस्थतेचा नियम दोन्ही लढणाऱ्यांना सारखाच लागू असतो. पण ज्याच्याकडे आरमार आहे, पैसा आहे, मालवाहू जहाजं आहेत, त्याला तो नियम अनुकूल पडतो आणि ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्या गळ्याला फास बसतो. अमेरिकी काँग्रेसला कुणाचीच बाजू न घेणारा कायदा हवा होता. तसा कायदा तिला एकदाही करता आला नाही.

दोन वेगळ्या गोष्टी

तटस्थता आणि अलिप्ततावाद हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. (नेहरूंच्या काळातल्या अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीशी इथल्या अलिप्ततावादाचा संबंध नाही.)

तटस्थता ही आंतरराष्ट्रीय कायद्यातली स्थिती आहे. दोन देश लढत असताना तिसऱ्याने बाहेर राहायचं ठरवलं की त्याला काही हक्क मिळतात आणि काही बंधनं येतात. १९०७ च्या हेग करारांनुसार तटस्थ सरकारने स्वतः लढणाऱ्याला शस्त्रं द्यायची नाहीत. मात्र त्या देशातल्या खासगी कंपन्यांनी ती विकली तर सरकारवर ते रोखण्याचं बंधन नाही. सरकारला मनाई आणि व्यापाऱ्याला मुभा, हा भेद पुढे फार कामाला आला.

अलिप्ततावाद ही राजकीय भूमिका होती: युरोपातल्या भांडणांत पडायचं नाही, कुणाशी लष्करी युती करायची नाही, कुणाच्या रक्षणाची आगाऊ हमी द्यायची नाही. तिची मुळं जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७९६ च्या निरोपाच्या संदेशापर्यंत जातात. पण अलिप्त म्हणजे दारं लावून बसलेला देश नव्हे. १९२०च्या दशकात अमेरिकेने जर्मनीच्या युद्धखंडणीची घडी बसवणारी डॉज योजना आणली, १९२१-२२ मध्ये आरमारं मर्यादित करणारी परिषद वॉशिंग्टनमध्ये भरवली आणि युद्ध त्याज्य ठरवणाऱ्या १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारावर सही केली. निकाराग्वात तिचे नौसैनिक १९३३ पर्यंत आणि हैतीत १९३४ पर्यंत तळ ठोकून होते. टाळायची होती ती बांधिलकी, आणि तीही मुख्यतः युरोपातली.

पहिल्या महायुद्धाने शिकवलेला धडा

ऑगस्ट १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तटस्थता जाहीर केली ती जुन्या पद्धतीची होती: आम्ही लढणार नाही, पण व्यापार करण्याचा हक्क सोडणार नाही. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची कोंडी केली होती. त्यामुळे अमेरिकी माल व्यवहारात एकाच बाजूला जाऊ लागला. दोस्त राष्ट्रांशी असलेला व्यापार १९१४ ते १९१६ या काळात जवळपास चौपट झाला आणि जर्मनीशी असलेला जवळपास संपला. परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन कर्ज देण्याच्या विरोधात होते, कारण पैसा हीच सर्वांत घातक निषिद्ध वस्तू, असं त्यांचं मत होतं. तरीही १९१५ च्या शरद ऋतूत ब्रिटन-फ्रान्ससाठी न्यूयॉर्कमध्ये ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. १९१५ पासून एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तांना सुमारे २ अब्ज ३० कोटी डॉलर कर्ज गेलं आणि जर्मनीला सुमारे २ कोटी ७० लाख.

या असमतोलाचा एक धागा थेट आपल्या इतिहासात येतो. १७९४ सालच्या अमेरिकी कायद्यानुसार, अमेरिकेशी शांततेचे संबंध असलेल्या देशाविरुद्ध अमेरिकी भूमीवरून लष्करी मोहीम उभारणं हा गुन्हा आहे. मार्च १९१५ मध्ये सॅन दिएगोहून ‘ॲनी लार्सन’ हे शिडाचं जहाज सुमारे ८ हजार रायफली आणि ४० लाख काडतुसं घेऊन निघालं. कागदोपत्री माल मेक्सिकोचा होता, प्रत्यक्षात जर्मन पैशातून, ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षाच्या उठावासाठी घेतलेला. मेक्सिकोजवळच्या सोकोरो बेटापाशी तो ‘मॅव्हरिक’ या जहाजावर चढवायचा होता. दोन्ही जहाजांची चुकामूक झाली. जूनअखेर ॲनी लार्सन वॉशिंग्टन राज्यातल्या होक्वियम बंदराला लागलं आणि सगळा माल जप्त झाला. पुढे नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८ या काळात सॅन फ्रान्सिस्कोत जो ‘हिंदू-जर्मन कट’ खटला चालला, तो तटस्थतेच्या भंगाचाच होता. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे गदरच्या कामासाठी अमेरिकेहून १९१४ मध्ये परतले होते. त्यांना १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली.

त्याच काळात ब्रिटनसाठी दारूगोळ्याने भरलेली जहाजं न्यूयॉर्कहून उघडपणे सुटत होती आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. विक्री चालते, मोहीम चालत नाही, असा तो नियम. आरमार असलेल्याला मोहीम अमेरिकेच्या भूमीवरून उभारायची गरजच नव्हती.

पुढचा क्रम ओळखीचा आहे. ७ मे १९१५ ला ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यात १२८ अमेरिकी नागरिक गेले. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांना मोकळं रान दिलं, अमेरिकी व्यापारी जहाजं बुडू लागली आणि ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली. सुमारे १ लाख १६ हजार अमेरिकी सैनिक मेले. नंतर सिनेटने व्हर्सायचा तह दोनदा फेटाळला, दोस्तांनी युद्धकर्जं बुडवली, आणि १९३७ च्या सुरुवातीच्या गॅलप पाहणीत ७० टक्के लोक म्हणाले की युद्धात पडणं ही चूक होती.

कायदा कलमाकलमाने

१९३४ मध्ये नॉर्थ डकोटाचे सिनेटर जेराल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखाली शस्त्रउद्योगाची चौकशी सुरू झाली. ९३ बैठका झाल्या, दोनशेहून अधिक साक्षी झाल्या. बँकर आणि शस्त्रविक्रेत्यांनी कट करून देशाला युद्धात ओढलं, असं सिद्ध करणारा पुरावा सापडला नाही. पण नफ्याचे आकडे चव्हाट्यावर आले आणि लोकांच्या मनात हिशेब पक्का झाला: शस्त्रं, कर्ज, प्रवासी आणि जहाजं, या चार दोरांनी आपल्याला युद्धात ओढलं. पुढचे सगळे तटस्थता कायदे म्हणजे हे चार दोर कापण्याचे प्रयत्न आहेत. जुन्या अमेरिकेने समुद्रावरच्या व्यापाराच्या हक्कासाठी १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध केलं होतं. नव्या कायद्यांनी तोच हक्क आपण होऊन सोडला, म्हणजे भांडणाला निमित्तच उरणार नाही.

पहिला कायदा ३१ ऑगस्ट १९३५ चा. दोन परकी देशांत युद्ध सुरू झाल्याची घोषणा राष्ट्राध्यक्षांनी केली की दोन्ही बाजूंना ‘शस्त्रं, दारूगोळा आणि युद्धसाहित्य’ पाठवण्यावर आपोआप बंदी. तटस्थ बंदरातून वळसा घालून पाठवायलाही बंदी. अमेरिकी जहाजांनी असा माल न्यायचा नाही. मोडणाऱ्याला १० हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शस्त्रं बनवणाऱ्या, आयात-निर्यात करणाऱ्या प्रत्येकाने परराष्ट्र खात्याकडे ५०० डॉलर भरून नोंदणी करायची आणि प्रत्येक खेपेसाठी परवाना घ्यायचा. हे शेवटचं कलम त्या वेळी फारसं कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा आग्रह होता की बंदी कुणावर घालायची ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला असावा, म्हणजे हल्लेखोराला माल नाकारता येईल आणि हल्ला झालेल्याला देता येईल. काँग्रेसचं उत्तर असं की हल्लेखोर कोण हे ठरवणं म्हणजेच बाजू घेणं. बंदी सरसकट राहिली. सहा वर्षांच्या सगळ्या वादाचं मूळ या एका मतभेदात आहे. ‘हल्लेखोर कोण ते आम्ही पाहणार नाही’ ही भूमिका निःपक्षपाती वाटते, पण तयारी करून हल्ला करणाऱ्याकडे शस्त्रं आधीच असतात. बंदीची झळ लागते ती बेसावध सापडलेल्याला.

फेब्रुवारी १९३६ मध्ये लढणाऱ्या सरकारांना कर्ज देण्यावर बंदी आली. १ मे १९३७ चा कायदा कायमस्वरूपी होता. त्याने नागरिकांना लढणाऱ्या देशांच्या जहाजांतून प्रवास करायला मनाई केली, यादवी युद्धांनाही कायदा लावला आणि दोन वर्षांपुरतं एक नवं कलम घातलं: शस्त्रं सोडून इतर माल हवा असेल तर जहाजावर चढण्याआधी त्याची मालकी घ्या आणि आपल्याच जहाजातून न्या. यालाच ‘कॅश अँड कॅरी’ म्हणतात.

तीन युद्धं, तीन भगदाडं

इटलीने ३ ऑक्टोबर १९३५ ला इथिओपियावर चढाई केली आणि दोन दिवसांत रूझवेल्ट यांनी कायदा लागू केला. इटलीकडे स्वतःचे शस्त्रकारखाने होते, इथिओपियाकडे ना कारखाने ना बंदर. इटलीला अमेरिकेकडून हवं होतं ते तेल, आणि तेल ‘युद्धसाहित्या’च्या यादीत नव्हतं. सरकारने कंपन्यांना ‘नैतिक बंदी’ पाळायचं आवाहन केलं. त्याला कायद्याचं बळ नव्हतं आणि इटलीकडे जाणारं तेल कमी होण्याऐवजी वाढलं. एखाद्या कायद्याची धार त्याच्या यादीत असते, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झालं. तोफगोळा बंद करून तोफ ओढणाऱ्या ट्रकचं इंधन चालू ठेवलं, तर बंदी नावापुरती राहते.

स्पेनमध्ये जुलै १९३६ ला यादवी पेटली तेव्हा कायदा ‘दोन देशांतल्या’ युद्धापुरता होता. म्हणून खास ठराव आणावा लागला. लोकप्रतिनिधीगृहात त्याच्या विरोधात एकच मत पडलं. दोन्ही सभागृहांनी ६ जानेवारी १९३७ ला तो मंजूर केला, पण सही व्हायला ८ तारीख उजाडली. त्याच ६ तारखेला ‘मार कांताब्रिको’ हे स्पॅनिश जहाज विमानं आणि सुटे भाग घेऊन न्यूयॉर्कहून निसटलं. मार्चमध्ये ते बंडखोर सेनापती फ्रँकोच्या आरमाराच्या हाती लागलं. बंदीचा फटका कायदेशीर प्रजासत्ताक सरकारला बसला. फ्रँकोला हिटलर-मुसोलिनीकडून शस्त्रं मिळतच होती, आणि टेक्साको कंपनीने त्याला तेल चक्क उधारीवर पुरवलं. कंपनीला २२ हजार डॉलर दंड झाला, तेवढ्यावर प्रकरण मिटलं.

तिसरं भगदाड सर्वांत मोठं. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला चढवला, पण दोघांपैकी कुणीही रीतसर युद्ध पुकारलं नाही. कायदा चालू व्हायचा तो राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने. घोषणा केली असती तर जपानपेक्षा चीनचं जास्त नुकसान झालं असतं, कारण जपानकडे जहाजं होती, पैसा होता आणि कारखाने होते. म्हणून रूझवेल्ट यांनी घोषणा केलीच नाही. त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी: घोषणा नसल्यामुळे जपानला अमेरिकी तेल आणि भंगार लोखंड बिनदिक्कत मिळत राहिलं. १२ डिसेंबर १९३७ ला जपानी विमानांनी यांगत्से नदीत अमेरिकी गनबोट ‘पनाय’ बुडवली. जपानने माफी मागून सुमारे २२ लाख डॉलर भरपाई दिली आणि अमेरिकेने ती घेतली. त्यानंतर महिन्याभरातच इंडियानाचे लुई लडलो यांची घटनादुरुस्ती चर्चेला घ्यायची की नाही यावर मतदान झालं. देशावर हल्ला झालेला नसेल तर युद्ध पुकारण्याआधी जनमत घ्यावं, अशी ती दुरुस्ती होती. ती २०९ विरुद्ध १८८ मतांनी बाजूला पडली. अकरा मतं इकडची तिकडे झाली असती तर तिच्यावर सभागृहात चर्चा झाली असती, इतकं युद्धविरोधी वारं तेव्हा होतं.

१९३९ : रोख मोजा, माल उचला

‘कॅश अँड कॅरी’ची दोन वर्षांची मुदत मे १९३९ मध्ये संपली. रूझवेल्ट यांना शस्त्रबंदी उठवून घ्यायची होती, पण जुलैत सिनेटच्या परराष्ट्र समितीने १२ विरुद्ध ११ मतांनी विषय पुढे ढकलला. सिनेटर विल्यम बोरा यांनी व्हाइट हाउसमधल्या बैठकीत ठामपणे सांगितलं की यंदा युरोपात युद्ध होणार नाही. सहा आठवड्यांनी झालं.

सप्टेंबरात विचित्र अवस्था झाली. शस्त्रबंदी लागू, पण रोखीचं कलम मेलेलं. म्हणजे ब्रिटनला विमान विकता येत नव्हतं, आणि अमेरिकी जहाजाने तेल किंवा कापूस भरून पाणबुड्यांच्या समुद्रातून थेट ब्रिटिश बंदरात जायला हरकत नव्हती. ज्या धोक्यासाठी सगळा खटाटोप केला, तोच उघडा पडला होता. रूझवेल्ट यांनी हा मुद्दा नेमका पकडला आणि विशेष अधिवेशन बोलावलं.

४ नोव्हेंबर १९३९ च्या कायद्याने शस्त्रबंदी उठली आणि सगळ्याच मालाला रोखीचा नियम लागला. ‘आज रोख, उद्या उधार’ ही आपल्याकडच्या दुकानातली पाटी त्या कायद्याला चपखल बसते. व्यवहार असा चाले: ब्रिटनची खरेदी समिती न्यूयॉर्कमध्ये ऑर्डर देई, कंपनी परराष्ट्र खात्याकडून निर्यात परवाना काढी, आणि माल निघण्याआधी त्याची मालकी पूर्णपणे खरेदीदाराकडे जाई. निर्यातदाराला जकात अधिकाऱ्याकडे शपथेवर लिहून द्यावं लागे की या मालात आता कुणाही अमेरिकी नागरिकाचा हक्क वा हितसंबंध उरलेला नाही. मग तो ब्रिटिश किंवा अन्य परकी जहाजावर चढे. पाणबुडीने बुडवला तर नुकसान परक्याचं, अमेरिकेला भांडायला कारण नाही.

विमानांच्या बाबतीत मात्र कलमाचा शब्द पाळणं अवघड होऊन बसलं. कॅनडा १० सप्टेंबर १९३९ पासून युद्धात होता. अमेरिकी वैमानिकाने विमान उडवत कॅनडात नेलं तर अमेरिकेने लढणाऱ्या देशात युद्धसाहित्य पोचवल्यासारखं झालं असतं. म्हणून लॉकहीड हडसन बॉम्बर कॅलिफोर्नियातून उडवत नॉर्थ डकोटातल्या पेंबिना गावी, अगदी सीमेलगत आणले जात आणि शेतातच उतरवले जात. तिथे विमानाला दोर बांधून घोड्यांनी ते सीमारेषेपलीकडे ओढत नेलं जाई. पलीकडे कॅनडाचा वैमानिक तयार असे. तो चढून विमान घेऊन जाई. मोंटानातलं स्वीटग्रास आणि मेन राज्यातलं हूल्टन इथेही हेच चाले. हूल्टनला शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर कामाला लागत.

अमेरिकी जहाजांसाठी राष्ट्राध्यक्षांनी ‘युद्धक्षेत्रं’ आखली: ब्रिटिश बेटांभोवतालचं पाणी, इंग्लिश खाडी, उत्तर समुद्र, बाल्टिक, बिस्केचा उपसागर. तिथे अमेरिकी झेंड्याच्या जहाजाला बंदी. कित्येक जहाजं धक्क्याला बांधून पडली, खलाशी बेकार झाले, काही जहाजांवर पनामाचा झेंडा चढला. नकाशावरची ही रेघ राष्ट्राध्यक्षांच्या हातात होती, आणि पुढे ते सोयीचं ठरलं. एप्रिल १९४१ मध्ये इटलीचा पूर्व आफ्रिकेत पाडाव होताच रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळला. लगेच अमेरिकी जहाजं सुएझपर्यंत माल नेऊ लागली. जूनमध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला तेव्हा त्या युद्धाची तटस्थता-घोषणा केलीच नाही, त्यामुळे रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्लादिवोस्तोक बंदराचा मार्ग खुला राहिला.

नव्या कायद्याने जर्मनीलाही रोखीने शस्त्रं घेण्याची तेवढीच मुभा दिली होती. ब्रिटिश आरमारामुळे तिचा उपयोग शून्य. रूझवेल्ट यांना हे पक्कं ठाऊक होतं, मात्र जाहीरपणे ते हा कायदा शांततेचा म्हणूनच मांडत राहिले. लोकांना खरं कारण तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचा अविश्वास कमी झाला असता, असं आमचं मत आहे.

रोकड संपते

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश सैन्य आपली तोफा-वाहनं सोडून आलं होतं. अमेरिकी लष्कराच्या कोठारांत पहिल्या महायुद्धापासूनचा साठा पडून होता, पण सरकारने लढणाऱ्याला थेट शस्त्रं द्यायची नाहीत हा हेगचा नियम आड येत होता. वाट अशी काढली: साठा ‘जादा’ ठरवला, ११ जूनला युनायटेड स्टेट्स स्टील या खासगी कंपनीला सुमारे ३ कोटी ७६ लाख डॉलरना विकला आणि कंपनीने तोच साठा लगोलग त्याच किमतीला ब्रिटनला विकला. ५ लाख एनफिल्ड रायफली, ७५ मिलिमीटरच्या ९०० तोफा, ८० हजार मशीनगन. न्यूजर्सीतल्या रॅरिटन इथे आगगाड्यांचे डबेच्या डबे रिकामे करून ब्रिटिश जहाजं भरली गेली. नियमाचं अक्षर शाबूत राहिलं, मधल्या कंपनीच्या कागदी थांब्यामुळे.

सप्टेंबर १९४० मध्ये तो आडपडदाही गेला. २ तारखेला ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात न्यूफाउंडलंड, बर्म्युडा, जमैका, त्रिनिदाद वगैरे ठिकाणचे तळ घेतले. भाडेपट्टा ९९ वर्षांचा. काँग्रेसचं मत न घेता, ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांच्या कायदेशीर सल्ल्याच्या आधारावर हे झालं. पारंपरिक अर्थाने अमेरिकेची तटस्थता या दिवशी संपली, असं म्हणायला हरकत नाही.

पैशाची अडचण मात्र सुटत नव्हती. ८ डिसेंबर १९४० च्या पत्रात चर्चिल यांनी रूझवेल्ट यांना कळवलं की रोख मोजणं आता फार काळ जमणार नाही. जानेवारी १९४१ मध्ये ‘लुईव्हिल’ ही अमेरिकी क्रूझर दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्सटाउनला गेली आणि ब्रिटनचं सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलरचं सोनं घेऊन आली. मार्चमध्ये ब्रिटिश मालकीची अमेरिकन व्हिस्कोस ही मोठी कंपनी घाईने, पडत्या भावात विकायला लावली गेली. ब्रिटनकडे खरंच काही उरलेलं नाही याची खात्री काँग्रेसला पटवायची होती.

११ मार्च १९४१ ला उधार-पट्टा कायद्यावर (लेंड-लीज) सही झाली. सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ मतं पडली. ज्या देशाचं संरक्षण अमेरिकेच्या संरक्षणासाठी गरजेचं आहे असं राष्ट्राध्यक्षांना वाटेल, त्याला माल विकण्याचा, उसना देण्याचा वा भाड्याने देण्याचा अधिकार त्यांना मिळाला. सुरुवातीची तरतूद ७ अब्ज डॉलर. युद्ध संपेपर्यंत एकूण मदत ५० अब्जांच्या घरात गेली. रूझवेल्ट यांना १९३५ मध्ये नाकारलेला अधिकार, बाजू ठरवण्याचा, आता लेखी मिळाला होता.

विरोध कुणाचा होता

अलिप्ततावादी म्हणजे हिटलरधार्जिणे, हे सोपं समीकरण चुकीचं आहे. त्यांत मिडवेस्टचे पुरोगामी सिनेटर होते, समाजवादी नॉर्मन थॉमस होते, शांततावादी महिला संघटना होत्या, ब्रिटनवर राग असलेले आयरिश वंशाचे लोक होते आणि रूझवेल्ट यांच्या वाढत्या सत्तेला घाबरणारे उद्योजकही. सप्टेंबर १९४० मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘अमेरिका फर्स्ट’ समितीचे सुमारे ८ लाख सभासद झाले. राष्ट्राध्यक्ष एकट्याच्या निर्णयाने देशाला युद्धाच्या दारात नेत आहेत, हा त्यांचा आक्षेप तथ्यहीन नव्हता. पण ११ सप्टेंबर १९४१ ला डी मॉइन इथल्या भाषणात समितीचे वक्ते, प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी देशाला युद्धाकडे ढकलणाऱ्यांत ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकार यांच्याबरोबर ज्यूंचं नाव घेतलं. समितीची अब्रू त्या भाषणाने गेली, आणि योग्य कारणाने गेली. विरोधाची ताकद मात्र काँग्रेसमध्ये दिसत होती: ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवणारं विधेयक २०३ विरुद्ध २०२, अवघ्या एका मताने तरलं.

शेवटचे तीन महिने

उधारीने दिलेला माल अटलांटिकच्या तळाशी जाऊन उपयोग नव्हता. जुलै १९४१ मध्ये अमेरिकी मरीन आइसलँडमध्ये उतरले आणि तिथपर्यंतच्या ताफ्यांना अमेरिकी युद्धनौका सोबत करू लागल्या. ४ सप्टेंबरला ‘ग्रीअर’ ही विनाशिका एका जर्मन पाणबुडीचा माग काढत तिचा ठावठिकाणा ब्रिटिश विमानाला कळवत होती. विमानाने बॉम्ब टाकले, पाणबुडीने ग्रीअरवर टॉर्पेडो सोडला. तो चुकला. रूझवेल्ट यांनी देशाला टॉर्पेडो सांगितला, माग काढल्याचं सांगितलं नाही, आणि दिसेल त्या जर्मन पाणबुडीवर मारा करण्याचं धोरण जाहीर केलं. १७ ऑक्टोबरला ‘कर्नी’ या विनाशिकेवर टॉर्पेडो आदळून ११ खलाशी मेले. ३१ ऑक्टोबरला ‘रूबेन जेम्स’ बुडाली, तिच्यावरचे सुमारे शंभर जण गेले. युद्ध चालू होतं, फक्त पुकारलेलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर १९४१ ला व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याची आणि युद्धक्षेत्रात शिरण्याची बंदी उठली. लोकप्रतिनिधीगृहात मतं पडली २१२ विरुद्ध १९४. पर्ल हार्बरला तीन आठवडे उरले असतानाही जवळजवळ निम्मं सभागृह विरोधात होतं.

युद्ध आलं ते अटलांटिकमधून नव्हे, पॅसिफिकमधून, आणि तिथे तटस्थता कायद्याचा संबंधच नव्हता, कारण तो जपान-चीन युद्धाला कधी लावलाच गेला नाही. तिथलं हत्यार होतं निर्यात परवाना. सप्टेंबर १९४० मध्ये जपानला भंगार लोखंड बंद करण्याचा निर्णय झाला. २६ जुलै १९४१ ला जपानची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली गेली आणि ऑगस्टपासून तेल थांबलं. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होतं. जपानने डच ईस्ट इंडीजमधल्या तेलाकडे मोर्चा वळवला आणि आडवा येऊ शकणारा पर्ल हार्बरमधला अमेरिकी ताफा ७ डिसेंबरला उडवला. दुसऱ्या दिवशी सिनेटने ८२ विरुद्ध ० आणि लोकप्रतिनिधीगृहाने ३८८ विरुद्ध १ मतांनी युद्ध पुकारलं. एकमेव विरोधी मत मोंटानाच्या जेनेट रँकिन यांचं होतं. १९१७ मध्येही त्यांनी विरोधातच मत दिलं होतं. ११ डिसेंबरला जर्मनी आणि इटलीने स्वतःहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं.

शस्त्रबंदी, कर्जबंदी, प्रवासबंदी, युद्धक्षेत्रं, हे सगळं इतिहासजमा झालं. १९३५ च्या कायद्यातलं एक अंग मात्र टिकलं: शस्त्रं बनवणाऱ्यांची नोंदणी आणि प्रत्येक निर्यातीला परवाना. ती पद्धत १९५४ च्या कायद्यात गेली, तिथून १९७६ च्या शस्त्र निर्यात नियंत्रण कायद्यात आली. आजही अमेरिकी शस्त्रकंपनीला परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करूनच भारतासह कोणत्याही देशाला माल विकता येतो. आणि ज्या तरतुदीवर गदरचा खटला उभा राहिला, ती १७९४ ची तरतूदही अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात अजून आहे.